कुणी गेलं नव्हतं, तरी माग थांबले

आमच्या गल्लीत चादरी विणणारे माग थांबतात ते वीज गेली की, नाहीतर आठवड्याच्या सुट्टीला. आणि गल्लीतून तिरडी चालली असली की. तिरडीचं कुणी ठरवून दिलेलं नाही. कडेच्या कारखान्यातल्या माणसाला ती आधी दिसते. तो तळहात पालथा करून खाली दाबतो, शेजारचा आपला माग बंद करतो, त्याचं बघून पुढचा. तिरडी आमच्या दारापाशी येईपर्यंत सगळी गल्ली गप्प झालेली असते. कामगार डोक्याचा रुमाल काढून दाराशी उभे राहतात. तिरडी वळणापलीकडे गेली की परत खटखट सुरू.

लग्न करून होटगीहून मी इथं आले तेव्हा सुरुवातीला मला कुणाचंच बोलणं नीट ऐकू यायचं नाही. मला ते बरं वाटायचं. ऐकूच आलं नाही तर उत्तरही द्यावं लागत नाही. मी पहिल्यापासून अशीच. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मागच्या रांगेत बसून. इथं घरी विड्या वळायला लागले. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची. ह्या कामात तोंड उघडावं लागत नाही.

आमचे हे मागावर. इतकी वर्षं त्या आवाजात उभं राहून ह्यांचे कान गेले. अगदी बहिरे नाहीत, पण कानाशी ओरडावं लागतं, आणि मला ओरडता येत नाही. तरी आमचं अडलं नाही. मागावरची माणसं आवाजात बोलतच नाहीत, एकमेकांच्या ओठांकडे बघतात आणि हातानं खुणा करतात. ह्यांनी ते घरी आणलं. मी नुसते ओठ हलवते, ह्यांना कळतं. आमचं भांडणसुद्धा शेजारी कधी कुणाला ऐकू गेलेलं नाही.

आमची लेक शिकली. काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग घरी बसून काम करायला परत आली. ती फोनवरची ॲपं बनवते. इथल्या एका दवाखान्याचं, एका शाळेच्या बसगाड्यांचं, एका चादरीच्या दुकानाचं. तिनं मला समजावलं होतं ते असं, की फोन दोन जातीचे असतात. एकावर चालणारं दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून पूर्वी एकच ॲप दोनदा लिहावं लागायचं. आता अशी अवजारं निघाली आहेत की एकदा लिहायचं आणि दोन्हीकडे चालवायचं. हे तिच्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "म्हंजे नक्षीचा पुठ्ठा एकच, आन् दोनी मागांवर चालतो म्हन की." मागावर भोकं पाडलेला पुठ्ठा लावतात, त्यावरून चादरीत नक्षी उतरते.

"व्हय अप्पा, तसंच," ती हसली. "फक्त पुठ्ठा दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो."

"का गं?"

"फोनवाले माग बदलत राहतात ना."

ते बदललेलं काय, हे सगळ्यांना कळावं म्हणून ती दर आठवड्याला एक बातमीपत्र बोलायची. आवाजात भरायचं आणि फोनवरून पाठवायचं. इंग्रजीत ते सगळं असतं म्हणे, पण विखुरलेलं आणि अवघड. ती ते वाचून सोप्या मराठीत सांगायची. नवीन काय आलं, त्यानं जुनं काय मोडलं, मोडलेलं कसं सांधायचं, फोनच्या ॲप-दुकानांनी कुठला नियम बदलला, कुठं फुकट शिकायला मिळतं. ऐकणारी मुलं-मुली लहान लहान गावातली. कुर्डुवाडी, अक्कलकोट, कुठली कुठली. त्यातली एक वैराग गावची मुलगी तर सगळं हिच्याच बोलण्यावरून शिकलेली. तिला मी कधी बघितलं नाही, पण तिचा फोन आला की मागं शेळ्या ओरडायच्या, त्यावरून मला ओळखू यायचा.

बातमीपत्र भरायचं ते सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात दोरीवर दोन जाड चादरी टाकायच्या, त्यांच्या मधे ती बसायची. कुकर लावायचा नाही, पंखा लावायचा नाही. पानं मी आदल्या दिवशीच कापून ठेवायची, कारण कात्रीचा आवाज येतो, वळण्याचा येत नाही. मी विड्यांचं सूप घेऊन उंबऱ्याशी बसायची. हे समोर स्टूल टाकून तिच्या ओठांकडे बघत बसायचे. निम्मे शब्द इंग्रजी, ह्यांना काय कळत असेल देव जाणे. पण एकदा मधेच ह्यांनी हात वर केला होता. ती थांबली. हे म्हणाले, "हे मागल्या बारीलाबी बोललीस." आणि खरंच ती तीच बातमी परत सांगत होती.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळी ती चहा घेऊन कॉम्प्युटरपुढं बसली आणि चहावर साय आली तरी कप तसाच. मी जवळ गेले.

"आई, ते बंद करणारेत."

"काय?"

"ज्यानं मी सगळं करते ते. ज्या कंपनीनं काढलं तिनंच सांगितलंय, आता आम्ही सांभाळणार नाही म्हणून."

मला वाटलं उद्यापासून दवाखान्याचं ॲप उघडणारच नाही. तसं नव्हतं. आज आहे ते चालेल. पण फोन पुढं बदलत जातील आणि ह्याची डागडुजी करणारं कुणी नसेल. हळूहळू फोनची ॲप-दुकानंही ते घेणार नाहीत. तिची सगळी कामं त्याच अवजारावर उभी. ती परत दुसऱ्यात लिहायची म्हणजे किती महिने जातील ते तिलाही सांगता येईना. तिला लागलं होतं ते मात्र वेगळंच.

"मी सगळ्यांना सांगितलं होतं, हेच शिका म्हणून. हे टिकेल म्हणून. माझ्या तोंडानं."

सुट्टीचा दिवस आला. मी पानं कापून ठेवली होती. तिनं चादरी टाकल्या नाहीत. हे स्टूल घेऊन आले, बसले, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले, घसा बसलाय म्हणते. ह्यांनी स्टूल परत ठेवलं. तिचा घसा बसलेला नव्हता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी वैरागच्या मुलीचा फोन आला. लेक त्या वेळी कणीक मळत होती, हात भरलेले, म्हणून तिनं फोन ओट्यावर मोठ्या आवाजात लावला. शेळ्या होत्याच.

"ताई, ह्या आठवड्याचं आलं न्हाय की. मी रोज बघतीया."

"हो अगं. जरा बरं नव्हतं."

"घसा? काळं मिरं चघळा. ताई, एक सांगायचं हाय. हितल्या एका अडत्याला ॲप पायजे. शेतकऱ्यांना फोनवर भाव दिसावा म्हनून. उद्या त्याच्या दुकानात बोलावलंय. बाबा पन येनार हायेत संगं. पयलंच काम माझं."

लेकीचे हात कणकेत थांबले.

"तुमी शिकवलंय त्यातच करते न्हवं? आज बसून थोडं मांडून बी ठेवते. उद्या दाखवायला."

मी तिच्याकडे बघत होते. ती ओट्याकडे बघत होती.

"ताई? ऐकू येतंय का?"

"मागांचा आवाज येतोय गं," ती म्हणाली. "नंतर बोलू." आणि कोपरानं फोन बंद केला.

मी सहसा तिच्या कामात बोलत नाही. मला त्यातलं कळत नाही. पण त्या वेळी बोलले. "सांगायचं होतंस तिला."

"तिला एकटीला सांगून काय होणार? अशा कितीजणी आहेत. कुणी उद्या काम घेतंय, कुणी परवा. सगळ्यांना सांगायला पाहिजे."

"मग सांग."

"माग चालू आहेत आई. ऐक ना, केवढा आवाज आहे. त्यात काय भरणार? सुट्टीला भरते."

"मागल्या सुट्टीला तर बंद होते."

ती कणीक जरुरीपेक्षा जास्त मळत राहिली.

दुपारी हे जेवायला आले. मी लेकीकडे पाठ करून ह्यांना वाढता वाढता सगळं सांगितलं, नुसत्या ओठांनी. अवजार बंद होणार, तिला ठाऊक आहे, ऐकणाऱ्यांना ठाऊक नाही, वैरागची पोर उद्या काम घेणार, आणि ही म्हणते मागांच्या आवाजात भरता येत नाही. हे घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी दोनदा सांगितलं तरी बघतच राहिले. तेव्हा मला कळलं की ह्यांना काय आठवतंय.

लेक लहान होती तेव्हा हे दुसऱ्या कारखान्यात होते. तिथल्या शेठनं माग भंगारात घालायचं ठरवलं होतं. दिवाणजीला ठाऊक होतं, मुकादमाला ठाऊक होतं. कामगारांना कुणी सांगितलं नाही, उगाच आधीपासून कटकट नको म्हणून. सुट्टीच्या दिवशी माग गाडीत घालून नेले. दुसऱ्या दिवशी हे डबा घेऊन गेले तर दाराला कुलूप. माणसं दुपारपर्यंत तिथंच उभी होती. शेठ येईल, वीज गेली असेल, किल्ली विसरली असेल, असं एकमेकांना सांगत. हे संध्याकाळी घरी आले. डबा भरलेला. मी उघडून बघितलं तर भाजीला वास यायला लागला होता. हे म्हणाले, "न्हाय गं, चांगली हाय," आणि सगळी खाल्ली. त्या दिवसानंतर ह्यांनी ती गोष्ट कधी काढली नाही. मुकादम मात्र पुढं कितीदा रस्त्यात भेटला, हे त्याच्याकडे बघत नसत. शेठवर ह्यांचा एवढा राग नव्हता. मुकादम रोज ह्यांच्या शेजारी बसून जेवायचा.

हे ताटावरून उठले. चपाती अर्धी राहिली होती. हात धुतला, पायात चप्पल घातली आणि गेले. कामावर गेले असतील, असं मला वाटलं.

मी भांडी घासायला घेतली. आणि खटखट विरळ झाली. आधी शेजारच्या कारखान्यातली, मग त्याच्या पलीकडची. एकेक माग गळत गेला आणि शेवटी फक्त नळाच्या पाण्याचा आवाज राहिला. मी नळ बंद केला. डोक्यावर पदर घेतला आणि दाराशी आले, कारण तिरडी जाताना बाई माणसानं तसं उभं राहायचं असतं.

समोरची अक्का तिच्या दारात पदर घेऊन उभी होती. तिच्या शेजारी तिची सून. कारखान्यांच्या दारात कामगार रुमाल काढून उभे. सगळे वळणाकडे बघत होते. वळणावरून एक सायकलवाला आला, बिचकला, उतरून सायकल हातात धरून चालायला लागला. मागं काही नव्हतं.

आमचे हे शेजारच्या कारखान्याच्या पायरीवर उभे होते. हात अजून पालथाच.

त्या कारखान्याचा मुकादम बाहेर आला. हा मुकादम चांगला आहे, पण तोंडाचा फटकळ. तो ह्यांच्या समोर येऊन उभा राहिला, ओठ दिसावेत असा.

"का बे, तिरडी कुटाय?"

"तिरडी न्हाय."

"मग?"

हे खाली बघायला लागले. ह्यांनाही माझ्यासारखंच, चार माणसांत बोलायचं म्हणजे घाम फुटतो. "पोरगीला बोलायचंय," म्हणाले. "गरजेचं हाय. आवाज होतो."

मुकादम बघतच राहिला. पलीकडे एक कामगार हसला. मला वाटलं आता ओरडणार, आता माग सुरू करणार. कामगारांची मजुरी बुडत होती. मुकादमानं आमच्या दाराकडे बघितलं, मी तिथं उभी. मग ह्यांच्याकडे बघितलं.

"किती येळ?"

"हाय आपलं. चहा पिऊस्तोर."

"आन् आमी मेल्यावर बी चहा पिऊस्तोर बंद ठेवणार का बे? का आमाला नुसतं वळनापत्तुर?"

सगळे हसले, पण मागावरची माणसं हसतात तसे, आवाज न करता. मुकादमानं पोराला चहा सांगितला.

अक्का रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. "कोण गेलं वं वहिनी? तुमच्यातलं कोण?"

इतक्या वर्षांत मी गल्लीत आपणहून चार वाक्यं बोलले नसेन. त्या शांततेत माझाच आवाज मला मोठा वाटला.

"कुनी न्हाय गेलं अक्का. माझ्या लेकीला जरा बोलायचंय. फोनवर, लोकांसाठी. वाईट बातमी हाय, पन कुनी गेलं न्हाय."

अक्कानं विचार केला. "मग रडायचं का न्हाय?"

"न्हाय. गप बसायचं."

"बसते की." ती आमच्या पायरीवर बसली आणि सुनेला खुणेनं बोलावून घेतलं.

मी आत गेले. लेक खोलीच्या मधोमध उभी होती. तिनं खिडकीतून सगळं बघितलं होतं.

"आई, हे काय केलं अप्पांनी?"

मी पेटीतून दोन्ही चादरी काढल्या आणि दोरीवर टाकल्या. हे आत आले. स्टूल ठेवलं, बसले. गुडघ्यावर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघायला लागले.

ती चादरींच्या मधे जाऊन बसली. बाहेर कुणीतरी खोकलं. मग तिनं फोन समोर धरला.

"नमस्कार," ती म्हणाली. "आज एकच बातमी आहे आणि ती चांगली नाही."

तिनं अवजाराचं नाव घेतलं. ते बंद होणार हे सांगितलं. ज्यांची ॲपं त्याच्यावर चाललेली आहेत त्यांनी घाबरू नका, आजच काही बंद पडणार नाही. ज्यांनी नवीन काम घेतलं नाही त्यांनी ह्याच्यात घेऊ नका. ज्यांनी घेतलंय त्यांनी गिऱ्हाइकाला आधी सांगा, त्याला दुसरीकडून कळण्याआधी. जुन्यातून नव्यात जायची वाटही तिनं सांगितली. आधी काय हलवायचं, कुठला भाग तसाच घेता येतो, कुठला परत लिहावा लागतो, कुठले धडे सोपे आहेत, अडलं तर मराठीत कुठं विचारता येईल. एरवी ती भरभर बोलते. त्या दिवशी एकेक शब्द सुटा सुटा येत होता. अप्पांना कळावं म्हणून ती तसं बोलत होती, की तसंच बोलणं शक्य होतं, मला माहीत नाही.

शेवटी म्हणाली, "हे टिकेल असं मी तुम्हाला सांगितलं होतं. मला तसं वाटलं होतं. आणि ही बातमी मला मागच्या आठवड्यातच कळली होती. मी सांगायला उशीर केला. नवीन मी आजपासून शिकायला बसते आहे. मला त्यातलं काही येत नाही. जेवढं येत जाईल तेवढं दर आठवड्याला सांगेन."

तिनं फोन खाली ठेवला. ह्यांनी हात वर केला नाही. म्हणजे चुकलेलं काही नव्हतं. तिनं ते पाठवून दिलं.

मी दाराशी जाऊन मुकादमाला मान हलवून सांगितलं. त्यानं चहाचा पेला उपडा केला. थोड्या वेळात गल्ली पहिल्यासारखी वाजायला लागली. हे चप्पल घालून कामावर गेले. अर्धी चपाती मी संध्याकाळी ह्यांना गरम करून दिली.

दिवेलागणीला वैरागचा फोन आला. लेकीनं तो बाहेर पायरीवर जाऊन घेतला, पण मला ऐकू येत होतं, कारण ती मुलगी ओरडत होती.

"सकाळी फोन केला तवा तुमी काय म्हनाला? आवाज येतोय म्हनाला! तवाच का न्हाय सांगितलं, ताई? बाबानं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय!"

लेक म्हणाली, "लाज वाटली गं."

पलीकडे नुसत्या शेळ्या.

"उद्या अडत्याला काय सांगू मग?"

"खरं सांग. म्हणावं, नव्यात करते, वेळ लागेल. नको म्हणाला तर नको म्हणू दे."

"आन् मला नवीन येत न्हाय."

"मलाही येत नाही. पहिला धडा आज बघू. तू तिकडं, मी इकडं."

"आजच?"

"जेवून घे आधी."

अडत्यानं त्या मुलीला नको म्हटलं. त्याला घाई होती, त्यानं दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं. हिचं ऐकणाऱ्यांतलेही काही जण सोडून गेले. एकानं फार वाईट लिहिलं होतं, ते तिनं मला वाचून दाखवलं नाही, पण मी तिचा चेहरा बघितला. चादरीच्या दुकानदारानं, आधी का नाही बोललात, असं विचारलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत. ती अजून जुनं काढून नवीन लिहिते आहे. बातमीपत्र दर सुट्टीला होतं. त्यात आता एक नवीन भाग असतो. ह्या आठवड्यात तिला स्वतःला काय जमलं नाही ते ती आधी सांगते. वैरागची मुलगी त्याच्यावर उत्तरं पाठवते, आणि कधी कधी तिचंच बरोबर निघतं.

गल्लीत मात्र घोळ झाला आहे, माग थांबले की कशासाठी ते आता कळत नाही. परवा दुपारी माग थांबले. मी विड्या वळत होते. समोरून अक्कानं तिच्या दारातूनच विचारलं, "वहिनी, पोरीचं का?"

मी आत बघितलं. लेकीनं काम सोडून मान वर केली होती. तिनं हळूच मान हलवली, नाही. मग ती उठून माझ्याजवळ दाराशी आली. मी सूप बाजूला ठेवून पदर घेतला. वळणावरून माणसं येत होती, खांद्यावर तिरडी.